चार नंबरची सूट

हे विश्वंभरा, तू देतोस तेव्हा पावती फाडत नाहीस. पहाटेचा उजेड वाटताना तू रांग लावत नाहीस, श्वास देताना वरचे सुटे मागत नाहीस. तुझ्या दानाला शिक्का नाही, तुझ्या देण्याला नोंदणी क्रमांक नाही, आणि म्हणूनच की काय, तुझ्या दारी सूट मागायला कोणी येत नाही. येतात ते सुटका मागायला. दयाघना, आज तुझ्या चरणी जिची गोष्ट ठेवायची आहे, ती कोणी साध्वी नव्हे, विदुषी नव्हे, सभा गाजवणारी नव्हे. एका मोठ्या दुकानात ती बिलं करते. दुकानातली माणसं तिला चार नंबर म्हणतात. तिच्या जिभेवर तू खरेपणा ठेवलास आणि तिच्या पुढ्यात असं यंत्र ठेवलंस, की ज्यात खऱ्याला सोळाच अक्षरांची जागा! ही तुझी थट्टा म्हणावी की परीक्षा, हे तूच जाणे.

चार नंबर म्हणजे दारापासून चौथा काउंटर. बावीस वर्षं ती तिथंच. या बावीस वर्षांत दुकानाचे मालक बदलले, दारावरची पाटी बदलली, तिच्या अंगावरच्या गणवेशाचा रंग तीनदा बदलला. काउंटर बदलला नाही आणि बाईही बदलली नाही. समोर काळा सरकता पट्टा, उजव्या हाताला बारकोड वाचणारी काच, डाव्या हाताला नाण्यांचा खण, आणि बसायला गादी दबलेली एक खुर्ची. खुर्चीवर निळी उशी. ती उशी तिच्या नणंदेनं, शाळेच्या गणवेशांतून उरलेल्या कापडाची शिवून दिलेली. देताना नणंद म्हणाली होती, "वहिनी, बसून बसून तुझी पाठ जाईल आणि औषधाला माझा दादा लुटला जाईल. ही घे." नणंदेचं प्रेम असं अस्तरासारखं होतं, आतल्या बाजूनं, वर दिसायचे ते टाकेच.

घर तीन जिन्यांवर. घरात ती आणि नवरा. मुलगी शिकायला परगावी. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच इमारतीत, बरोबर खालच्या मजल्यावर, त्याची धाकटी बहीण एकटी राहायची. पुढच्या खोलीत दोन शिलाई यंत्रं, मागच्या खोलीत संसार. दिवसभर शाळांचे गणवेश शिवायचे, वर्षाच्या शेवटी दात-ओठ खात कर भरायचा, हा तिचा नेम. नवरा म्हणायचा, "बायको वर, बहीण खाली, आणि मी मध्ये अडकलेली लिफ्ट. कोणीही बटण दाबावं."

आता चार नंबरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे. तिचा शब्द. "हे दूध उद्यापर्यंतच चालेल, मागचं घ्या," ती म्हणाली, की ते दूध उद्यापर्यंतच चालायचं. "हा साबण महाग झाला नाही, लहान झालाय," ती म्हणाली, की माणसं साबण हातात तोलून बघायची आणि मान डोलवायची. शेजारचे दोन काउंटर मोकळे असले तरी म्हातारी माणसं तिच्याच रांगेत उभी राहायची. न पाहिलेलं तिनं कधी पाहिलं म्हटलं नाही, न कळलेलं कधी कळलं म्हटलं नाही. पगार बेताचा, पाठ दुखरी, पण शब्द खणखणीत. तेवढीच काय ती तिची मिळकत.

एके सकाळी दुकान उघडण्याआधी मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं. मॅनेजर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. काम सांगायचं असलं की 'मावशी' म्हणायचा, काम झालं की 'चार नंबर'.

"मावशी, आजपासून बिल झालं की प्रत्येकाला विचारायचं: पूर्णांकात करू का? म्हणजे वरचे सुटे मागच्या गल्लीतल्या शाळेला जातील."

मागच्या गल्लीतली शाळा म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. चार नंबरच्या काळजात लख्ख उजेड पडला. ती मुलं तिच्या ओळखीची होती! आठवड्यातून एकदा त्यांच्या बाई त्यांना दुकानात आणायच्या, खरेदी शिकवायला. मुलं वस्तू पट्ट्यावर ठेवायची, तिच्या ओठांकडे टक लावून बघायची, आणि उरलेले पैसे हवे असले की दोन बोटं अंगठ्यावर घासून दाखवायची. ती खूण चार नंबर त्यांच्याकडूनच शिकली होती.

"विचारीन की, साहेब," ती म्हणाली. "तोंड भरून विचारीन."

दुपारपर्यंत काउंटरवर पाटी लागली. पाटी तयार करणाऱ्यानं नेहमीचा साचा वापरला असावा, जो तो दर महिन्याला साबण-तेलाच्या पाट्यांना वापरायचा. 'देणगीवर करात' हे शब्द मुंगीएवढे, आणि त्याखाली तांबड्या रंगात, हाताच्या पंजाएवढी अक्षरं: 'सूट'. 

सज्जनहो, आपल्या भाषेत हा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. दुकानात त्याचा अर्थ किंमत कमी करणं, करकचेरीत त्याचा अर्थ कर कमी भरणं. पाटीवर तो कोणत्या घरून आला आहे, हे मुंगीएवढ्या अक्षरांत कोण वाचणार?

"सूट किती टक्के?" पहिल्याच गृहस्थांनी विचारलं.

"काका, ही ती सूट नव्हे."

"मग कुठली?"

"करातली."

"करातली? बाई, मी साबण घेतोय, घर नाही घेत."

असा तो पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या तऱ्हेची माणसं सुरू झाली. ही पाटी नीट वाचणारी, आणि वाचून अधिकच भडकणारी.

"म्हणजे देणार आम्ही, फोटो मालकाचा, आणि करात सूटही मालकालाच? वा रे वा! दुसऱ्याच्या हातानं पुण्य!"

"माझ्या भाच्यानं सांगितलंय. ही दुकानं यातूनच कर वाचवतात."

"तुम्हाला किती मिळतात हो, प्रत्येकामागं?"

शेवटचा प्रश्न तिच्या जिव्हारी लागला. ती उठली आणि मागच्या बाजूला मॅनेजर खोकी मोजत होता तिथं गेली.

"साहेब, या देणगीची करातली सूट कोणाला?"

"ग्राहकाला हो, मावशी," तो खोक्यांवरून मान न उचलता म्हणाला. "अठरा, एकोणीस... पाटीवर आहे ना?"

तिनं ते घेतलं. कागद मागितला नाही, दाखला मागितला नाही. मुलांच्या ओढीनं म्हणा, रांगेच्या घाईनं म्हणा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगायला सुरुवात केली. "सूट तुम्हालाच मिळते. मालकाला नाही." आणि तिनं सांगितलं म्हणून माणसं द्यायला लागली. मॅनेजरनं मागच्या खोलीत एक तक्ता लावला. कोणत्या काउंटरवर किती जणांनी 'हो' म्हटलं, त्याचा. त्यात चौथी रेघ सगळ्यांत उंच.

त्याच आठवड्यात नणंद रांगेत आली.

"पूर्णांकात करू का, ताई?" चार नंबरनं विचारलं. घरात काय, दुकानात काय, नणंदेला ती ताईच म्हणायची.

"कशाला?"

"मागच्या शाळेला जातात सुटे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या."

"मग तुझ्या मालकाला सांग द्यायला. पोट बघ त्याचं केवढं, त्यात शाळा मावेल." रांग हसली.

"ताई, करात सूट तुम्हाला मिळते. मालकाला नाही."

नणंदेचा पिशवीकडे गेलेला हात थांबला. करातली सूट! वर्षाला एकदा जिच्यापायी ती जेवण टाकायची त्या करातली!

"नक्की?"

"नक्की."

"तू सांगतेयस म्हणून हं, वहिनी. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर पिशवी उचलून गेले असते."

आणि मग वर्षभर नणंदेनं जे केलं ते पाहून तिचा सख्खा भाऊ तोंडात बोट घालून बसला. जी बाई उरलेल्या दोऱ्याच्या गुंडाळ्या करून ठेवायची, ती रोज काही ना काही घ्यायला दुकानात जायला लागली, आणि रोज 'कर पूर्णांकात' म्हणायला लागली. बटणांचा डबा रिकामा करून त्यात तिनं पावत्या साठवल्या. डबा इस्त्रीच्या वरच्या फळीवर. शेजारणींना सांगायची, "माझी सूट साठतेय." पण सज्जनहो, नुसती सूटच साठत होती असं नाही. हळूहळू ती विचारायला लागली, "आली होती का गं मुलं आज? तो खूण करणारा आला होता?" वर्षानुवर्षं आवळलेली मूठ एकेका नाण्यानं सैल होत होती, आणि हे घडवणारं काय? तर चार नंबरचं एक 'नक्की'.

वर्ष संपलं. नणंद डबा घेऊन करसल्लागाराकडे गेली.

त्याच संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, ती दुकानात आली. हातात पिशवी नाही, सामान नाही. रांगेत शांतपणे उभी राहिली, पाळी आल्यावर डबा वर उचलला आणि सरकत्या पट्ट्यावर उलटा केला.

पावत्यांचा ढीग पट्ट्यावर पसरला आणि पट्टा आपल्या धर्माला जागून सरकायला लागला. पावत्या एकामागून एक काचेसमोर येत चालल्या. जुन्या पावत्या पांढऱ्याफटक. त्या कागदावरची शाई उडून गेलेली. डब्याच्या कडेच्या पावत्या इस्त्रीच्या धगीनं काळ्याठिक्कर. मधल्या ज्या वाचता येत होत्या, त्यांवर सामानाखाली, सुट्यांच्या रकमेपुढे एकच शब्द छापलेला: 'इतर'.

"हे काय, ताई?"

"माझी सूट. मोज."

"ताई, मागं रांग आहे..."

"असू दे. वर्षभर रांगेतच उभी होते मी. सल्लागारानं विचारलं, बाई, दान कोणाला केलंत? म्हटलं, शाळेला. म्हणाला, शाळेचं नाव कुठंय? म्हटलं, असेल पावतीवर. म्हणाला, पावतीवर 'इतर' आहे. वहिनी, मी वर्षभर इतराला दान केलं! हा इतर कोण लागतो गं आपला? माहेरचा की सासरचा?"

रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मागून एक आवाज आला, "मी सांगत नव्हतो? मालक खातो."

नणंदेनं तिकडे पाहिलंही नाही. तिचा आवाज एकाएकी खाली आला. "हसला गं तो मला. चष्मा काढून हसला. तू नक्की म्हणाली होतीस."

ती निघून गेली. चार नंबरनं पट्टा थांबवला, पावत्या गोळा केल्या, डब्यात भरल्या. बावीस वर्षांत तिच्याकडून कोणी फसलं नव्हतं; आणि फसलं ते घरचंच माणूस, जे आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही देत होतं.

दुकानाचं दार ओढायच्या आत ती मॅनेजरसमोर उभी राहिली.

"साहेब, सूट कोणाची?"

"ग्राहकाची."

"ग्राहकाला मिळते का?"

"मावशी, तो ग्राहकाचा प्रश्न."

"सूट ग्राहकाची, प्रश्नही ग्राहकाचा. मग आपलं काय?"

"आपला फोटो," मॅनेजर म्हणाला आणि स्वतःच हसला. दाराजवळ फोटो होताच, शाळेला दिलेल्या दारभर मोठ्या धनादेशाचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वरच्या मजल्यावर हिशेबाच्या खोलीत गेली. तिथं एक वृद्ध गृहस्थ बसायचे. कागद टाचायला टाचण्या सदैव ओठांत धरलेल्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीकाका म्हणायचे. खोलीत एकच खिडकी, तीही फायलींनी झाकलेली.

"काका, खरं सांगा. मालक यावर सूट घेतात?"

"नाही." टाचण्यांमधून आवाज आला. "घेताच येत नाही. तो पैसा आपला नव्हेच. आपण नुसतं पोचवणार. एक छदाम इथं राहत नाही, मी स्वतः बघतो."

"मग सूट कायद्यानं कोणाची?"

"देणाऱ्याची."

"माझ्या नणंदेनं दिले. तिला का नाही मिळाली?"

"कागद नाही."

"कागद कोण देतं?"

"शाळा देते."

"शाळेला माझी नणंद ठाऊक आहे?"

"शाळेला कशी ठाऊक असेल? शाळेला आपण ठाऊक. वर्षाचे सगळ्यांचे मिळून एकाच धनादेशानं जातात."

"मालक घेत नाही, नणंदेला मिळत नाही. मग सूट गेली कुठं, काका?"

टाचणीकाकांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या, आणि म्हणाले, "कुठंच नाही. वाऱ्यावर आहे."

ती स्टुलावर बसली. चोर सापडला असता तर त्याचा हात धरता आला असता, त्याला रांगेसमोर उभं करता आलं असतं. इथं चोरच नाही! रोज शंभर माणसं मालकाला चोर म्हणतात ते खोटं; रोज शंभर वेळा ती 'सूट तुम्हाला' म्हणते ते अर्धं खरं; आणि खऱ्या-खोट्याच्या मधल्या फटीतून एका बाईची वर्षाची आशा घरंगळून गेली, कोणाच्याच पदरात न पडता. देवा, पापाला निदान मालक असतो. या निष्काळजीपणाला मालकही नाही!

"निदान पावतीवर शाळेचं नाव तरी छापा," ती म्हणाली.

"नाही बसत. यंत्रात एका ओळीला सोळा अक्षरं. आणि त्याला काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी. सगळी अक्षरंच. शाळेचं नाव भरतं सत्तेचाळीस. म्हणून 'इतर' घातलं. सुटसुटीत."

त्या 'सुटसुटीत' शब्दानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाचा डबा तसाच ठेवून ती पेन्सिल घेऊन बसली. शाळेचं नाव काटलं, छाटलं, आडनाव काढलं, काने उडवले. सोळात बसवलं तेव्हा ते नाव राहिलं नाही, खोकल्याची उबळ झाली. भिंतीवर दाराजवळच्याच फोटोची एक प्रत होती; तिचं लक्ष त्यातल्या धनादेशाखाली गेलं. तिथं शाळेचा नोंदणी क्रमांक होता. तिनं बोटांवर आकडे मोजले. अकरा! अकरा म्हणजे बसतो! नाव नसेना का, क्रमांक तर येईल; कोणाला दिलं ते तर कळेल!

ती जवळजवळ धावतच मॅनेजरकडे गेली.

"छान कल्पना, मावशी," मॅनेजर म्हणाला. "मुख्य कार्यालयाला कळवतो." आणि त्यानं कळवलं नाही. आठवड्यानं तिनं स्वतः फोन लावला. आधी संगीत, मग एक गोड आवाज की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, मग पुन्हा संगीत. मोलाचा असून कोणी उचलला मात्र नाही. शेवटी तिनं हातानं पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' आणि वर, विषयाच्या ओळीत, छापील अक्षरांत: 'इतर'.

ते वाचून ती हसली, आणि हसता हसता तिनं ते पत्र इतक्या जोरानं दुमडलं की घडीवर फाटलं.

या मधल्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या. एक, तिनं आपलं वाक्य बदललं. कोणी विचारलं की ती म्हणायची, "सूट कायद्यानं तुमची आहे, पण ती घ्यायला लागतो तो कागद आम्ही देत नाही. मालकही काही खात नाही. द्यायचं तर मुलांकडे बघून द्या." निम्मी माणसं हे ऐकून नाणी परत खिशात टाकायची. तक्त्यावरची चौथी रेघ खाली आली.

"मावशी, एवढं बोलायची गरज आहे का?" मॅनेजर म्हणाला. "पूर्णांकात करू का, संपलं."

"आणि त्यांनी पुढं विचारलं तर?"

"हसायचं."

"बावीस वर्षं हसतेच आहे, साहेब. पण उत्तराच्या जागी कधी हसले नाही."

दुसरी गोष्ट याहून वाईट. नणंद दुकानात यायची, पण दोन नंबरच्या रांगेत उभी राहायची. चार नंबरकडे पाठ करून. त्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, की मान हलवून 'नको' म्हणायची. ते 'नको' चार नंबरला ऐकू यायचं नाही, पण दिसायचं. ऐकू न येणाऱ्या मुलांसारखं तेही तिला ओठांवरून वाचता यायला लागलं होतं.

"लिफ्टच बंद पडली म्हणायची," नवरा जेवताना म्हणाला. या वेळी तोही हसला नाही. "अगं, जाऊन बोल की."

"काय बोलू? हातात काही असल्याशिवाय?"

पण ते फाटलेलं पत्र घेऊन शेवटी ती खाली गेली. दुपारची वेळ होती, सुट्टीचा दिवस. नणंद यंत्रावर बसलेली, गुडघ्यांवर निळ्या कापडाचा ढीग. चार नंबरनं टाचणीकाकांचं 'वाऱ्यावर' सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. यंत्र थांबलं नाही.

"सगळं करून बघितलं, ताई. काही झालं नाही. माझा शब्द खोटा पडला. मी पाहिलं नव्हतं आणि नक्की म्हणाले."

नणंदेचा पाय यंत्राच्या पायडलवर तसाच चालू. एक बाही संपली. तिनं दातांनी दोरा तोडला.

"बरं," ती म्हणाली आणि दुसरी बाही घेतली.

तेवढंच. चार नंबर जिना चढून वर आली.

त्यानंतरच्या आठवड्यात, गर्दीच्याच वेळी, नणंद चौथ्या रांगेत दिसली. हातात साबणाची एक वडी आणि एक लिफाफा. पाळी आली. तिनं लिफाफ्यातून एक कागद काढला, पट्ट्यावर ठेवला आणि म्हणाली, "वाच."

कागद सरकत आला. जाड कागद, निळ्या शाईचं अक्षर, खाली गोल शिक्का. शाळेची पावती. शाळेचं नाव अख्खं, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस अक्षरं. नोंदणी क्रमांक. आणि दात्याच्या जागी चार नंबरचं नाव, आडनावासकट.

"ताई, हे..."

"स्वतः गेले शाळेत. वर्षभराचे सगळे 'इतर' एकरकमी पुन्हा दिले. म्हटलं, पावती माझ्या वहिनीच्या नावानं फाडा. तू म्हणाली होतीस ना सूट मिळते? घे, मिळाली. तुझा शब्द खरा झाला की नाही?" आणि मग, नाक वर करून, "बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसलीयस, कोणी दमडी तरी सोडलीय का तुला? म्हटलं, सूट तरी तुलाच मिळू दे."

चार नंबरनं कागद छातीशी धरला. तिचे डोळे भरून आले, ओठ हसायला गेले, आणि मधेच काहीतरी आठवून तिचा चेहरा असा झाला, की नणंद घाबरली.

"काय झालं गं?"

"ताई... मला कर लागत नाही."

"म्हणजे?"

"माझा पगार तेवढा नाहीच. ज्याला करच नाही, त्याला सूट कशातून मिळणार?"

पट्टा सरकत होता. साबणाची वडी काचेला येऊन टेकली.

"म्हणजे पुन्हा वाऱ्यावर?" नणंदेनं विचारलं.

"पुन्हा वाऱ्यावर."

"अगं बाई, मग आधी सांगायचंस की! माझ्या नावानं घेतली असती!"

"तुम्ही आधी विचारायचंत की!"

"मला तुला चकित करायचं होतं ना!" नणंद जवळजवळ ओरडलीच. "आयुष्यात एकदा माणसानं मन मोठं करावं, तर ते सुद्धा चुकीच्या रकान्यात!"

संताप होता, दोघींच्या चेहऱ्यांवर होता, आणि तो कोणावर काढावा हे दोघींनाही कळत नव्हतं. मग नणंदेला आधी हसू फुटलं. ते काही सुखाचं हसू नव्हतं. पण त्यात वर्षभराचा 'इतर' होता, सल्लागाराचा चष्मा होता, फाटलेलं पत्र होतं, आणि सगळ्याच्या तळाशी वहिनी होती.

"मावशी, रांग!" लांबून मॅनेजरचा आवाज आला.

चार नंबरनं पावती नाण्यांच्या खणाखाली नीट सरकवली, डोळे पुसले, साबण काचेवरून फिरवला. आणि थांबली.

"ताई... पूर्णांकात करू का?"

"वहिनी!"

"विचारावं लागतं."

नणंदेनं तांबड्या पाटीकडे पाहिलं, मुंगीएवढ्या अक्षरांकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. "कर," ती म्हणाली. "पण तो सूट शब्द काढशील तर बघ."

पावती छापून आली. साबण, आणि खाली 'इतर'. नणंदेनं ती घेतली, डब्यासाठी ठेवली नाही. चुरगळून पिशवीत टाकली आणि गेली. मागचे गृहस्थ पुढे आले, पाटी वाचली आणि ओठ मुडपले. "ही सूट नेमकी कोणाला हो?" चार नंबरनं दीर्घ श्वास घेतला आणि पहिल्यापासून, पूर्ण, एकही शब्द न गाळता सांगायला लागली. पाटी अजून तीच आहे. यंत्रही तेच आहे.

हे विश्वंभरा, हे न मागता देणाऱ्या, आता हिच्याकडे बघ. हिच्या पाठीला बळ दे, निळ्या उशीला आयुष्य दे. हिचा शब्द तू सांभाळ, कारण त्याला सांभाळणारं तिच्या दुकानात दुसरं कोणी नाही. खालच्या मजल्यावरच्या त्या करवादणाऱ्या माउलीच्या सुईला कधी गंज लागू देऊ नकोस. तिची सैल झालेली मूठ पुन्हा मिटू देऊ नकोस. मधल्या लिफ्टवाल्याला दोघींच्या हसण्याचा आवाज वरूनही येवो आणि खालूनही येवो. परगावच्या लेकीला सुखानं घरी आण. मागच्या गल्लीतल्या मुलांना, ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, भरभरून दे. आणि दयाघना, तुझ्या वहीत या घरातल्या माणसांची नावं लिहिशील तेव्हा पूर्ण लिही, काना-मात्रा-वेलांटीसकट. तिथं तरी त्यांना 'इतर' म्हणू नकोस. त्या दारावर तुझी सावली राहो, त्या चुलीवर तुझी ऊब राहो, त्या घराचं सदैव कल्याण होवो.